अर्धं कार्ड

“बाबा, हा फोन आहे की अडगळीची खोली?”

किनाईने फोन टेबलावर ठेवला आणि बापाकडे पाहिलं. इओतेबा समोरच्या उलट्या खोक्यावर बसून डोळे बारीक करून गोदीकडे बघत होता. त्याला गोदी नीट दिसत नाही, हे तिला ठाऊक होतं. डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू पुरता पिकलेला, उजव्यातला निम्मा.

“त्या नकाशाला नवं काहीतरी पाहिजे म्हणे,” तो म्हणाला. “सोमवारपासून एकच घोषा. जागा नाही, जागा नाही. उघडतच नाही मेला.”

“सोमवारपासून? मग काल अबाइआंग बेटावरून इथवर होडी आणलीत कशी?”

“तुझ्या आईनं आणली,” इओतेबा म्हणाला आणि स्वतःच हसला.

आईला जाऊन सहा वर्षं झाली होती. एरवी बापाच्या असल्या विनोदावर किनाई खळखळून हसली असती, पण त्या दिवशी तिला हसू आलं नाही. वारा तीन दिवसांपासून पश्चिमेकडून वाहत होता, आणि पश्चिमेचा वारा कुणाचा सगा नसतो. कालच्या दुपारी समुद्र नुसता पांढुरका दिसत होता, पाणी कुठे संपतं नि आभाळ कुठे सुरू होतं ते धडधाकट डोळ्यांनाही कळत नव्हतं.

बेतिओ बेटावरच्या गोदीसमोर, एका दुकानाच्या पुढच्या छपराखाली किनाईचं टेबल होतं. चौदा वर्षं ती तिथे फोन दुरुस्त करत होती. शिकवलं कुणी नव्हतं. उघडून बघितलं, बिघडवलं, पुन्हा जुळवलं, असं करत हात बसला. नवरा मालवाहू जहाजावर, दोन वर्षांतून एकदा घरी. पदरात मूल नाही. पण बेटावरच्या निम्म्या माणसांचे फोन तिच्या हाताखालून गेलेले, आणि एकदा दुरुस्त झालेला फोन पुन्हा तिच्याकडे आला असं सहसा व्हायचं नाही. त्याचा तिला अभिमान होता. गिऱ्हाइकाला ती फार समजावत बसत नसे. “शहाण्याला शब्दाचा मार,” म्हणायची, एक वाक्य सांगायची आणि पुढचा फोन हातात घ्यायची.

बापाचा फोन म्हणजे दहा वर्षांपूर्वीचं डबडं. न्यूझीलंडला फळं तोडायला गेलेल्या चुलतभावाने आणलेला, त्याच्याकडून मेव्हण्याकडे, तिथून इओतेबाकडे. वाटेत कुणीतरी त्याचं आतलं कुलूप तोडून ठेवलं होतं. रूट केलेला फोन म्हणतात त्याला. अशा फोनमध्ये कंपनीने ठोकून बसवलेल्या वस्तूही उपटून काढता येतात. आणि नको तिथे हात घातला तर फोन कायमचा मरतोसुद्धा.

“हे बघा,” किनाई म्हणाली. “शेअर बाजाराचे भाव. विमानाची तिकिटं. इंग्रजी स्वयंपाकाचं पुस्तक. यातलं काय लागतं तुम्हाला?”

“स्वयंपाकाचं राहू दे. म्हातारपणी लग्न केलं तर?”

“गप बसा.”

तिने एकेक करून सगळं उपटलं. कोपऱ्याकोपऱ्यात साचलेला कचरा झाडला. तरी जागा पुरेना. पोटच एवढंसं, त्यात मावणार किती? नकाशाचं नवं रूप जुन्याच्या दुप्पट होतं. मग तिने तिचा ठेवणीतला उपाय काढला. मेमरी कार्डाचे दोन भाग केले. पहिल्या भागात गाणी-फोटो, नेहमीसारखे. दुसरा भाग झाकलेला, साध्या डोळ्याला दिसणारच नाही असा. नकाशाचं सगळं धूड तिने त्या झाकल्या भागात हलवलं आणि फोनमध्ये ठेवली फक्त त्याची खूण. फोनला वाटावं, नकाशा माझ्याच पोटात आहे; आणि प्रत्यक्षात तो कार्डावर.

कार्ड बसवून तिने फोन सुरू केला. नकाशा उघडला. निळ्या पाण्यात अबाइआंगची बारीक रेघ उमटली, आणि तिच्या कडेला खडकांतली ती फट, जिच्यातून होडी आत घ्यायची. त्या फटीच्या अलीकडे चुकलं तर खडक, पलीकडे चुकलं तर नुसतं पाणीच पाणी. डोळे चांगले होते तेव्हा इओतेबा ती फट लाटांच्या रंगावरून ओळखायचा. आता फोनमधल्या बाईचा आवाज सांगायचा, डावीकडे, उजवीकडे. किनाईनेच तो आवाज मोठा करून दिला होता.

“झालं?” इओतेबाने विचारलं.

“झालं. एक लक्षात ठेवा, कार्डाशिवाय हा फोन ठेवायचा नाही. कळलं?”

“कार्डाशिवाय ठेवायचा नाही,” शाळेतल्या पोरासारखं त्याने म्हणून दाखवलं.

टेबलापुढे चार माणसं खोळंबली होती. किनाईने पुढचा फोन घेतला.

“वारा पडेपर्यंत थांबा ना,” मान वर न करता ती म्हणाली. “शनिवारी जा.”

“शनिवारी तिकडे नातवाचा, तुझ्या भावाच्या पोराचा, पहिला वाढदिवस आहे, माझी वाट बघणार सगळे. तांदळाची पोती माझ्याकडे आहेत. उद्या सकाळी निघतो, भरतीबरोबर.” तो उठला, तिच्या डोक्यावर हात ठेवला. हाताला पेट्रोलचा वास येत होता. “आता काय भीती? तू आहेस ना खिशात.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तो निघाला. किनाई किनाऱ्यावर गेली नाही, पाव आणि चहा घेऊन सरळ टेबलाशी आली. आठला एक सर येऊन गेली. नऊला दुसरी आली, ती जास्त काळी. तिने घड्याळ पाहिलं आणि मनात म्हणाली, अजून अर्धा तास, की पोचतील.

दहाच्या सुमाराला रुईती आत्या आली. इओतेबाची धाकटी बहीण. चर्चच्या गायनमंडळाची पुढारीण, अंगाने भारी, तोंडाने त्याहून भारी. टेबलावर हात आपटून म्हणाली, “किनाई, तुझ्या बापानं मला फसवलं गं!”

“काय झालं आत्या?”

“अगं, पुढच्या आठवड्यात सभाघरात गाण्यांची चढाओढ. मला सगळ्या जुन्या गाण्यांसाठी मोठं कार्ड हवं होतं. म्हणून सकाळी किनाऱ्यावर गेले आणि त्याच्याकडे बुबुती केली.”

बुबुती केली म्हटल्यावर प्रश्नच नव्हता. नात्यातल्या माणसाने बुबुती म्हणून मागितलं की नाही म्हणायचं नसतं. होडी मागा, डुक्कर मागा, अंगावरचा सदरा मागा. नाही म्हणणाऱ्याचं तोंड गावात कुणी बघत नाही. आणि कार्डं तर बेतिओत अशी फिरतात की आज माझ्या फोनात, उद्या तुझ्या.

“दिलं लगेच,” आत्या सांगत होती. “पण बघ ना, वर सोळा जीबी लिहिलंय आणि माझा फोन दाखवतो आठ! अर्धं कार्ड! सख्ख्या बहिणीला अर्धं कार्ड देतात का?”

आत्याच्या तळहातावर ते काळं कार्ड होतं, नखाएवढं, कोपऱ्यावर पांढरा ओरखडा. किनाईने ते उचलून कार्ड वाचायच्या आपल्या यंत्रात घातलं. एक भाग पुसून रिकामा केलेला. दुसरा झाकलेला. झाकल्या भागात नकाशा होता, तिने काल ठेवला तसाच.

“आत्या,” ती म्हणाली, “मग बाबा कार्डाशिवाय गेले?”

“छे गं! मी काय त्याला उघड्यावर टाकीन? तोच म्हणाला, रुईती, किनाईनं बजावलंय, कार्डाशिवाय फोन ठेवायचा नाही. म्हटलं, मग माझं जुनं घे की. माझ्या हातानं घालून दिलं. त्याला फोनची ती फट दिसते कुठे!” आत्या थांबली. “का गं? असं काय बघतेस?”

किनाईने सांगितलं. फार सांगावं लागलं नाही. आत्या खोक्यावर बसली, काल भाऊ बसला होता त्याच खोक्यावर.

किनाईने बापाचा नंबर लावला. लागला नाही. पुन्हा लावला, पुन्हा. समुद्रावर तो लागत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? तरी ती लावत राहिली. मग फोन तिथेच टाकून ती पोलिसांच्या गस्ती नौकेच्या कचेरीकडे पळत सुटली. चौदा वर्षांत पहिल्यांदा टेबल तसंच उघडं राहिलं, आणि कुणीही एका फोनला हात लावला नाही.

कचेरीतल्या माणसाने बिनतारीवरून अबाइआंगला विचारलं. तिकडून उत्तर आलं, अजून नाही. बाराला विचारलं, अजून नाही. बाहेर तिसरी सर आली आणि समोरचं पाणी दिसेनासं झालं.

“जुना खलाशी आहे तुझा बाप,” तो माणूस म्हणाला. “पंचवीस वर्षं जर्मन जहाजांवर होता. त्याला फोन कशाला लागतो?”

“त्याला दिसत नाही,” किनाई म्हणाली.

“कुणाला सांगितलं नाही ते?”

“सांगितलं असतं तर तुम्ही होडी चालवू दिली असती?”

दोनला तिने न सांगताच त्या माणसाने पुन्हा बिनतारी उचलली. किनाई त्याच्या पाठीकडे बघत राहिली. त्याने नाही अशी मान हलवली, तेवढं तिला पुरलं.

बाई, एक शब्द गं, ती स्वतःशी म्हणत होती. एकच शब्द. ‘हेच कार्ड’ म्हणाले असते. बोटभर कागदाचा तुकडा चिकटवला असता, गोंदाचा एक थेंब टाकून फट बुजवली असती. बुबुतीवर गाणी, कार्डं, जीवसुद्धा उचलून देणाऱ्या माणसाला ‘कार्डाशिवाय ठेवू नका’ सांगून ती मोकळी झाली होती, आणि तिने सांगितलं ते त्याने तंतोतंत पाळलं होतं. शहाण्याला शब्दाचा मार म्हणे! मार बसला तो तिला.

पाच दिवस गस्ती नौका फिरली. दोन दिवस परक्या देशाचं विमानही घिरट्या घालून गेलं. तांदळाचं एक पोतं खडकावर लागलं, भिजून फुगलेलं. दुसरं काही मिळालं नाही. वाहून गेलेली माणसं इथे महिन्या-दोन महिन्यांनीही जिवंत सापडली आहेत, म्हणून कुणी रडलं नाही. रडणं म्हणजे दार लावून घेणं. नातवाचा वाढदिवस झाला नाही. किनाई चौथ्या दिवशी टेबलावर परत आली आणि पुढ्यात येईल तो फोन उघडत राहिली. फक्त आता ती प्रत्येकाला तीन-तीनदा समजावून सांगायची, लोक कंटाळून जांभया देईपर्यंत.

सात आठवड्यांनी चर्चमध्ये मृतांसाठीच्या प्रार्थनेत इओतेबाचं नाव घेतलं गेलं. त्यानंतरच्या सोमवारी रुईती आत्या आली. टेबलापाशी उभी राहिली. कमरेची गाठ सोडून तिने रुमालातलं कार्ड टेबलावर ठेवलं.

“हे घे, पोरी. मला नको. चढाओढीलाही गेले नाही मी.”

किनाईने कार्डाकडे बघितलं, हात लावला नाही. “मागून घेतलेलं परत देत नाहीत आत्या. बाबांनी दिलंय ते.”

“मी मागायला नको होतं गं.”

“त्यांनी नाही म्हणायला हवं होतं का मग?” किनाई जरा जोरात म्हणाली. “तुम्ही मागितलंत. त्यांनी दिलं. चुकले ती मी. बसा.”

तिने कार्ड यंत्रात घातलं. झाकला भाग उघडला आणि पहिल्यांदाच नकाशाच्या आत शिरली. तिथे बापाच्या फेऱ्या होत्या. जुन्या फोनात साठलेल्या, तिनेच त्या दिवशी न बघता उचलून इथे ठेवलेल्या. अबाइआंग ते बेतिओ, बेतिओ ते अबाइआंग, एकावर एक अकरा रेघा. दारापासून विहिरीपर्यंत पायवाट पडते तशा. प्रत्येक रेघ त्या फटीतून बरोबर पार गेलेली. बारावी नव्हती.

आत्या समोर खाली मान घालून बसली होती. दोन्ही भाग एक करायला एक बटण पुरेसं होतं. कार्ड पुन्हा अख्खं सोळाचं झालं असतं, रेघा मात्र पुसल्या गेल्या असत्या. किनाईचं बोट बराच वेळ त्या बटणावर राहिलं.

मग तिने झाकला भाग तसाच झाकून टाकला. उरलेल्या भागात गायनमंडळाची जुनी गाणी एकेक करून भरली, आत्याच्या फोनात कार्ड बसवलं, आणि फटीवर गोंदाचा एक थेंब टाकून वाळेपर्यंत अंगठा दाबून धरला.

“हे आता काढायचं नाही,” ती म्हणाली. “कुणी बुबुती केली तरी नाही. हेच कार्ड. कळलं आत्या? हेच.”

“कळलं.” आत्याने फोन दोन्ही हातांत घेतला. “सगळी बसली का गं गाणी?”

“नाही. निम्मीच. जागा नाही.”

आत्याने मान हलवली. “राहू दे,” ती म्हणाली, “पुष्कळ झाली.”