एकाच पाइपातून

कॉम्प्युटरच्या लोखंडी डब्याला हात लावला की आईला झिणझिण्या यायच्या, आणि ती लेकीला फोनवर हसून सांगायची, "तुझे बाबा आहेत गं. हात धरतात."

लेकीने ते मनावर घेतलं नाही. दुःखात माणूस काहीबाही बोलतं. पण माहेरी येऊन ती बाबांच्या त्या कॉम्प्युटरच्या टेबलाशी कामाला बसली, तेव्हा स्पीकरमधून बारीक घुमणं ऐकू आलं. काम करताना बाबा तोंड मिटून गुणगुणायचे, अगदी तसंच. तिने डब्यावर तळवा टेकवला. कातडीखालून काहीतरी सरसरत कोपरापर्यंत आलं. हात काढायला हवा, हे तिला कळत होतं. तिने लगेच काढला नाही.

त्या न काढण्याचीच तिला धास्ती बसली, म्हणून तिने वायरमनला बोलावलं.

त्याने डब्याला टेस्टर लावला. टेस्टर पेटला. मग स्विचबोर्ड उघडून त्याने कपाळाला हात लावला. "ताई, नेटची केबल विजेच्या वायरींच्याच पाइपातून ओढलीय. आतली वायर सोलवटलीय, अर्थिंगही सुटलंय. वाघ-शेळी एका गोठ्यात! कुणी केलं हे?"

"ह्यांनी," आई म्हणाली. "नुकता रंग दिला होता. मीच म्हटलं, भिंतीला भोक पाडाल तर याद राखा."

"म्हणजे काकूंच्या धाकाने!"

"जन्मात तेवढं एकच ऐकलं माझं." आई डब्यासमोर जाऊन उभी राहिली. "राहू दे ना. मला काही होत नाही."

"आज झिणझिण्या आहेत, काकू. उद्या ओला हात लावलात तर..." त्याने लेकीकडे पाहिलं.

लेकीने आईला समजावलं नाही. जाऊन मेन स्विच खाली केला. गुणगुण मध्येच तुटली, कुणी हाक मारली की माणूस थांबतो तशी.

ओढून काढलेल्या केबलवर एका जागी काळा डाग होता. वायरमनने खराब वायर बदलली, अर्थिंग जोडलं, नवी केबल विजेपासून वीतभर लांब, वेगळ्या पट्टीतून नेली. भोक पाडताना आईने तोंड फिरवलं. मेन चालू झाला. टेस्टर पेटला नाही.

आईने डब्यावर तळवा ठेवला. बराच वेळ ठेवला.

"गेले का गं?"

हा शब्द तिने आजवर तोंडातून काढला नव्हता; भेटायला आलेल्यांशीही बाबा जरा बाहेर असल्यासारखीच बोलायची. लेकीने त्याच गार पत्र्यावर, तिच्या हाताशेजारी, आपला हात ठेवला.

"हो आई. गेले."