गोदातीर क्लबच्या गोलाचे जाळे

मित्रांनो, मी एक जुने जाळे आहे. मासे धरायचे नव्हे, गोल धरायचे! आज माझी दशा पाहून तुम्हाला खरे वाटणार नाही, पण एके काळी नाशिकच्या मैदानावर सगळे लोक माझ्याकडे डोळे लावून बसत. चेंडू माझ्या अंगावर आदळला आणि मी मागे फुगले, की अर्धे मैदान नाचू लागे आणि उरलेले अर्धे डोक्याला हात लावून बसे. एवढा मान फार थोड्या दोऱ्यांच्या नशिबी येतो.

माझा जन्म १९९३ साली नाशिकजवळच्या एका द्राक्षबागेत झाला. ती बाग रंगनाथअण्णांची होती. अण्णा मोठे बागायतदार, शिवाय गोदातीर फुटबॉल क्लबचे अध्यक्ष. त्या वर्षी क्लबचे मुंबईहून आणलेले जाळे उंदरांनी कुरतडून टाकले होते आणि अण्णा बागेत उभे राहून उंदरांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते. तिथे घडांच्या विरळणीला सुरगाण्याहून आलेली फुलाबाई गावित नावाची मजूर बाई होती. तिचे वडील पार नदीवर मासे धरायचे, त्यामुळे जाळे विणणे तिला लहानपणापासून येत होते.

ती म्हणाली, "अण्णा, त्यात काय हाय? दोरी आणून द्या. मी विणते."

"अगं, ते मासे धरायचं जाळं नाही."

"नसू दे. आमच्यातून मासा सुटत नाय, तुमचा चेंडू कुठं सुटतो?"

अण्णा पोट धरून हसले आणि दुसऱ्याच दिवशी नायलॉनच्या दोरीची बंडले घेऊन आले. दिवसभर बागेत काम करायचे आणि दुपारच्या सुट्टीत बांबूची सुई हातात घ्यायची, असे करत फुलाबाईने मला विणले. तिचा धाकटा मुलगा दिनेश जवळ बसून सुईत दोरी भरून द्यायचा. हळूहळू तोही गाठ मारायला शिकला. प्रत्येक गाठ मारली की फुलाबाई ती दातांत धरून ओढायची. गाठ जरा सरकली, की सोडून पुन्हा मारायची. मैदानाला दोन टोके, म्हणून तिने माझे एक भावंडही विणले. पण पहिले मी. थोरलेपणाचा तोरा मी कधी सोडला नाही.

आता नाशिक आणि सिन्नरच्या वैराबद्दल सांगते. गोदातीर आणि सिन्नर ब्रदर्स हे दोन्ही खालच्या श्रेणीतले व्यावसायिक क्लब. खेळाडूंना पगार मिळायचा, पण त्यात घर चालत नसे. बहुतेक जण दिवसभर कारखान्यात मशीनवर उभे राहून संध्याकाळी सरावाला यायचे. मोठ्या शहरातल्या मोठ्या क्लबांना या दोघांची नावेही ठाऊक नसतील. नाशिकला आणि सिन्नरला मात्र या दोघांच्या सामन्याच्या दिवशी दुसरे काही सुचत नसे. सिन्नरची मंडळी ट्रक भरभरून यायची. इकडून आरोळी उठायची, "बिडीवाले आले रे!" तिकडून उत्तर यायचे, "चिवडेवाल्यांनो, आज चिवडा नाही, गोल खा!" एका घरात लग्न ठरत होते, ते मुलगा सिन्नर ब्रदर्सचा समर्थक निघाला म्हणून महिनाभर अडून बसले होते. हे मी ऐकीव सांगत नाही. ते घर फुलाबाईचेच. मुलगी सविता. शेवटी लग्न झाले आणि सविता सिन्नरला नांदायला गेली.

सामना सुरू होण्याआधी अण्णा स्वतः माईक हातात घ्यायचे. दोन्ही संघांची नावे सांगून झाली, की म्हणायचे, "आणि जाळे विणले आहे सुरगाण्याच्या फुलाबाई गावित यांनी. टाळ्या!" लोक टाळ्या वाजवायचे. लिंबाच्या झाडाखाली बसलेली फुलाबाई पदर तोंडाला लावून हसायची. नाशिकमध्ये तिला बाकी सगळीकडे "ए बाई" म्हणायचे. तिचे पूर्ण नाव घेतले जायचे ते फक्त त्या मैदानावर. म्हणून ती एकही सामना चुकवायची नाही.

दिनेश मोठा झाला आणि गोदातीरकडून पुढच्या फळीत खेळू लागला. त्याने पहिला गोल मारला तेव्हा तो चेंडू माझ्याच पोटात आला. तो धावत येऊन मला मिठी मारून लोंबकळला. "माझ्या आयेनं विणलंय रे हे!" असे तो सगळ्यांना ओरडून सांगत होता. मित्रांनो, त्या दिवशी मला वाटले, आपल्या जन्माचे सार्थक झाले.

पण २००१ सालच्या फेब्रुवारीत माझे दिवस फिरले. अण्णांच्या बागेत द्राक्षे काढणीला आली होती आणि पाखरांनी उच्छाद मांडला होता. अण्णांनी मैदानाची राखण करणाऱ्या केरूला फर्मावले, "ते गोलाचं जाळं आण इकडं. टाक मांडवावर." झाले! मैदानाची मी राणी, बुलबुलांना हाकलायला मांडवावर जाऊन पडले. मांडवाच्या तारांत माझी दोरी गुंतली. काढताना ती निघेना, तेव्हा अण्णांनी छाटणीची कात्री घेतली आणि मला खालच्या कोपऱ्यात कापले. एकदा, दोनदा, पुन्हा पुन्हा. ज्या माणसाने माझ्यासाठी टाळ्या मागितल्या, त्याचाच तो हात होता. मला ते अजून समजत नाही.

केरू भोक बघून घाबरला. "अण्णा, फुलाबाईला दाखवतो. ती सांधून देईल."

"तिला कशाला? उगाच गावभर बोंब. बांध सुतळीनं, कोण बघतंय!"

केरूने सुतळी बांधली आणि सामन्याच्या सकाळी मला खांबाला लटकवले. फुलाबाईला यातले काहीच कळले नाही.

सिन्नरशी होणारा तो सामना मोसमातला शेवटचा होता. जिंकला तर गोदातीर वरच्या श्रेणीत जाणार होता. बरोबरी झाली तरी सिन्नर जाणार होते. मैदानावर पाय ठेवायला जागा नव्हती. अण्णांनी माईकवर फुलाबाईचे नाव घेतले, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला मात्र लाजेने कुठे लपू असे झाले होते. सामना पुढे सरकत होता आणि गोल काही होत नव्हता. शेवटी शेवटी दिनेशने दोघांना चुकवून डाव्या पायाने फटका मारला. चेंडू जमिनीलगत आला, गोलरक्षकाच्या हाताखालून सरळ आत शिरला, आणि त्याच कोपऱ्यात आला. मी जीव एकवटून त्याला धरायला गेले. सुतळी तुटली. चेंडू माझ्यातून पार होऊन मागच्या कुंपणाला जाऊन लागला.

पंच लांबून धावत येत होते. त्यांना चेंडू गोलाच्या मागे दिसला आणि जाळे जागचे हललेले दिसले नाही. त्यांनी हात केला, चेंडू बाहेर! सिन्नरच्या गोलरक्षकाने घाईघाईने चेंडू ठेवला आणि लांब लाथाडला. थोड्या वेळाने शिट्टी वाजली. बरोबरी. सिन्नरचे लोक ट्रकांवर चढून नाचू लागले.

मग गोदातीरची माणसे मैदानात घुसली. कुणीतरी माझ्यातले भोक दाखवले. पंच म्हणाले, "शिट्टी वाजल्यावर माझ्या हातात काही नाही. जाळं धड ठेवणं तुमच्या क्लबचं काम होतं." आता सगळा जमाव अण्णांकडे वळला. आपल्यावर बेतते आहे हे पाहताच अण्णांनी माईक उचलला.

"मंडळी, माझं ऐका! क्लबनं जाळं डोळ्यांत तेल घालून सांभाळलं. विणणारीच्या गाठी कच्च्या निघाल्या, त्याला मी काय करू? आणि तिची लेक कुठं दिलीय, ते तुम्हीच आठवा!"

"सिन्नरला! सिन्नरला!" लोक ओरडले. "बिडीवाल्यांना फितूर झाली!" ज्या हातांनी टाळ्या वाजवल्या होत्या तेच हात आता लिंबाच्या झाडाकडे रोखले गेले. फुलाबाई उठून उभी राहिली. ती घाबरली नव्हती. गर्दीत ती फक्त दिनेशला शोधत होती.

दिनेश माझ्याजवळच होता. गुडघ्यांवर बसून त्याने माझी तुटलेली टोके बोटांत धरली. मित्रांनो, त्याला सगळे समजले. सुटलेल्या गाठीचे टोक वळलेले असते आणि कात्रीचे टोक सपाट असते, हे त्याला आईनेच शिकवले होते. मला वाटले, आता हा उठेल आणि सगळ्यांना ठणकावून सांगेल.

तेवढ्यात अण्णा त्याच्या शेजारी वाकले. फक्त त्याला आणि मला ऐकू येईल अशा आवाजात म्हणाले, "दिनेश, पुढच्या मोसमात कप्तान तू. नीट विचार करून बोल." आणि त्याच्या तोंडापुढे माईक धरून मोठ्याने विचारले, "तुझ्या आईचं जाळं आहे. तूच सांग लोकांना, काय झालं?"

दिनेशने लिंबाकडे बघितले नाही. तो म्हणाला, "गाठ सुटली."

कर्ण्यांतून ते दोन शब्द सगळ्या मैदानभर गेले. फुलाबाई उभी होती ती मटकन खाली बसली. मला अण्णांच्या कात्रीने कापले तेव्हा इतके दुखले नव्हते. अण्णा परके होते. दिनेश माझ्या गाठी मारत मोठा झालेला मुलगा होता!

मैदान रिकामे झाल्यावर फुलाबाई माझ्यापाशी आली. टोके तिने हाताळली आणि केरूकडे पाहिले. केरूने मान खाली घातली. तिने मला खांबावरून सोडवले, घडी घातली, डोक्यावर घेतले आणि सुरगाण्याच्या जीपमध्ये जाऊन बसली. त्यानंतर तिने कुणालाही जाळे विणून दिले नाही. द्राक्षाच्या कामालाही ती पुन्हा नाशिकला गेली नाही.

होळीला दिनेश घरी आला. कप्तान झाला होता. आईला नवे लुगडे आणले होते. फुलाबाईने लुगडे बाजूला ठेवले आणि मला त्याच्या मांडीवर पसरले.

"सांध," ती म्हणाली आणि त्याच्या हातात बांबूची सुई दिली.

दिनेश सांधू लागला. गाठी मारताना त्याच्या डोळ्यांतले पाणी माझ्यावर पडत होते. काम झाल्यावर फुलाबाईने एकेक गाठ दातांत धरून ओढली.

"घट्ट हाय. मंग आता सांग, माझी गाठ सुटली का?"

"नाय, आये. कापलं व्हतं. अण्णानं कापलं. मला तवाच कळलं व्हतं." तो हुंदके देऊ लागला. "माफ कर मला."

"मला सांगून काय? मला ठावंच हाय. तिथं सांग. माईकवर."

दिनेश म्हणाला, "आये, तसं केलं तर मला काढून टाकतील."

फुलाबाईने मान हलवली आणि त्याला जेवायला वाढले. होळी झाल्यावर तो जीपने निघून गेला. ती दारात उभी राहून जीप वळणाआड जाईपर्यंत बघत होती. मग घरात आली, विळा घेतला, आणि दिनेशने सांधलेले सगळे कापून काढले. भोक होते तेवढेच पुन्हा मोकळे केले. मित्रांनो, तेव्हा मात्र मला मुळीच दुखले नाही.

या गोष्टीला आता आठ वर्षे झाली. दिनेश सणाला येतो, लुगडे आणतो, आणि माझ्याकडे न बघता परत जातो. मी फुलाबाईच्या परसात वांग्या-मिरच्यांभोवती कुंपण होऊन उभे आहे. उन्हाने माझा रंग उडाला आहे. भोकातून कोंबड्या खुशाल आत येतात आणि रोपे उकरून टाकतात. शेजारची भागीबाई रोज ओरडते, "फुला, तुझ्यासारखीनं एवढंसं भोक ठेवावं का? सांध की!"

"ऱ्हाऊ दे," फुलाबाई म्हणते आणि कोंबड्यांना हाकलते.

मित्रांनो, आपल्या उपयोगी पडणाऱ्या वस्तू जपा. त्यांना भलत्या कामाला जुंपू नका, फाटल्या तर वेळेवर सांधा. आणि ज्या हातांनी त्या घडवल्या, त्या हातांवर कुणी खोटा आळ घेतला, तर चार लोकांत तोंड उघडा. घरी येऊन रडू नका. तुम्ही कधी सुरगाण्याकडे आलात आणि त्या परसात मला पाहिलेत, तर एवढी मेहरबानी करा, मला सांधू नका. ते भोक दुसऱ्या कुणी बुजवायचे नाही.