तीन वर्षांचा चुना

माणसानं तापानं चार दिवस अंथरूण धरावं आणि तेवढ्यात त्याची तीन वर्षांची मेहनत कुणी बुजवून टाकावी, याला काय म्हणायचं? पाचव्या दिवशी मी किल्ल्यावर गवंडीकामाला गेलो, तर माझ्या चुन्याच्या हौदात दगडमाती भरलेली आणि वर शोभेला दोन कुंड्या. तळपायाची आग मस्तकात गेली.

चुना म्हणजे काय चहा आहे, टाकला, उकळला, गाळला? तो विझवून वर्षानुवर्षं पाण्याखाली निजू द्यावा लागतो, तेव्हा कुठे लोण्यासारखा होतो. पश्चिमेच्या बुरुजासाठी तो मी जिवापाड जपला होता. धावत बुरुजाकडे गेलो. दगडांमधले सगळे सांधे भरून झालेले, करडे, गुळगुळीत. सिमेंट!

हा किल्ला लष्करानं सरहद्दीवर बांधला. शत्रू येणार म्हणून चाळीस वर्षं शिपाई खिंडीकडे डोळे लावून बसले. शत्रू काही आला नाही. मग कुठल्याशा तहात सरहद्दच पलीकडे सरकली आणि किल्ला जागच्या जागी निकामी झाला. एकही तोफगोळा न खाल्लेल्या भिंती आहेत या. त्यांना मारायला आम्हीच लागलो.

दगडात शिरलेलं पाणी चुन्याच्या सांध्यातून हळूहळू बाहेर पडतं. सिमेंटनं ती वाट बंद केली की पाणी आतच कोंडतं आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. पण शनिवारी मोठे पाहुणे येणार, आणि चुन्याला सुकायला महिना-दीड महिना लागतो. मग काय, पी हळद हो गोरी!

मी तडक कचेरीत घुसलो. टेबलामागे इंजिनिअर बसली होती. इंजिनिअर म्हणजे माझीच मुलगी.

"बाबा, तुम्ही कशाला आलात? ताप उतरला का?"

"तापाचं सोड. बुरुज कुणी भरायला सांगितला?"

"मी. सही माझीच आहे."

"आणि हौद?"

"मोठे साहेब म्हणाले, त्यात कुणी पडलं तर? मग बुजवून घेतला."

"साहेब म्हणाले! त्यांनी सांगितलं तर उद्या बुरुजही पाडशील? लहानपणी तुला उत्तरेच्या भिंतीसमोर उभं करून दाखवलं होतं ना? एका गाढवानं सिमेंट थापलं आणि भिंत कशी सोलून निघाली ते?"

तिनं खण उघडला आणि जुन्या फाईलमधला एक फोटो माझ्यापुढे सरकवला. उत्तरेची भिंत, तिच्या पायाशी परात, परातीत सिमेंट, आणि हातात थापी घेऊन दात काढणारा तरणाबांड गवंडी.

"हे गाढव कोण, बाबा?"

मीच तो. तेव्हाही आठवड्यावर कुणाचीतरी पाहणी आली होती. तेव्हाचा मुकादम म्हणाला, सिमेंट मार, नाहीतर घरी जा. घरी हिची आई दिवसांत होती. मी मारलं. आणि मग तीस वर्षं कुठल्याशा कंत्राटदाराच्या नावानं बोटं मोडत राहिलो. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय! स्वतःची इतकी चीड मला कधी आली नव्हती.

"कधीपासून ठाऊक आहे तुला?"

"नोकरीला लागले त्याच आठवड्यात सापडला."

म्हणजे सहा वर्षं. सहा वर्षं मी हिच्यासमोर त्या गाढवाला शिव्या घालत होतो आणि ही मुकाट जेवत होती. माझं डोकं आणखीच फिरलं.

"हे माहीत असूनही तू तेच केलंस?"

"मलाही घरीच पाठवलं असतं, बाबा. माझीही पोर लहान आहे."

मी छिन्नी-हातोडा उचलला आणि बुरुजाकडे निघालो. सिमेंट चार दिवसांचंच होतं. निघेल, असं मला वाटलं. ती मागून हाका मारत आली, मी थांबलो नाही. सांध्यावर पहिला घाव घातला. सिमेंट हललं नाही, दगडाचा कोपरा तुटून पायाशी पडला. कुण्या शिपायानं घडवलेला असेल तो. मी रागानं दुसरा घाव घातला. दुसरा दगडही गेला.

तिनं माझं मनगट धरलं. "पुरे, बाबा. दगड जातोय."

आवाज ऐकून मुकादम धापा टाकत आला. भिंतीकडे पाहून त्यानं डोक्याला हात लावला. "बाई, शनिवारला तीनच दिवस राहिले. आता हे कशानं भरू?"

माझं मनगट अजून तिच्याच हातात होतं आणि ती माझ्याकडे बघत होती. चुना तर मातीखाली गेला होता, आणि शनिवारी भिंत उघडी दिसली तर हिची नोकरी जाणार होती.

"सिमेंटनं भर," मी म्हणालो.