हलका हात

"अगं हळू. पाय आहे तो, धुणं नव्हे," थोरली ओरडली.

"ओरडा, ओरडा. आळीला कळू दे, जाऊबाई अजून भांडायला धड आहेत," धाकटी म्हणाली आणि तिने पोटरीत अंगठे आणखी खोल रुतवले.

दाराबाहेर भाऊजी खाकरले. पाऊस उघडून जमिनीला पेरणीजोगा वापसा आला होता, काळ्या मातीचा वास घरात येत होता, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या पाभरी चालू झाल्या होत्या, आणि हा माणूस बैल सोडायचं सोडून बायकोच्या उंबऱ्याशी बसून होता.

धाकटी गावाची चोळणारी. कंबर धरलेले, मान अवघडलेले, बाळंतिणी, सगळे तिच्याच ओसरीवर. तिचा हात दुखवायचा. आतला माणूस शिव्या द्यायला लागला की बाहेर बसलेले हसायचे. ओरडतोय ना, मग उठतोय आता. आणि तो उठायचाही. पण जो उठणार नसायचा, त्याच्या अंगावर तिचा हात आपोआप हलका पडायचा. हे ती कुणाला बोलली नव्हती. थोरलीने मात्र ओळखलं होतं. सासऱ्यांच्या आजारात तिने दारात उभं राहून धाकटीचा हात पाहिला आणि काही न विचारता नणंदांना निरोप धाडले.

म्हणून, वैरणीच्या गंजीवरून पडून थोरलीची कंबर मोडली आणि शहरातल्या डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं, तेव्हा खाटेवर टेकताच तिने धाकटीचं मनगट धरलं होतं.

"चोळ. पण हात हलका केलास तर याद राख."

"कशाला करीन? लोकांचे पाय धरणारी म्हणून जन्मभर हिणवलंत मला. सगळं वसूल करायला असा मोका परत मिळणार आहे का?"

तेव्हापासून ती रोज तेल कोमट करून बसत होती. जिवंत पोटरी दाबली की आधी बोटांना अडवते, मग हळूहळू सैल पडते. थोरलीची पोटरी काहीच करत नव्हती. मळलेल्या कणकेसारखी दबायची आणि दबलेलीच राहायची. पण थोरली ओरडत होती. तेवढ्यावरच धाकटीचा जीव तग धरून होता. माझीच बोटं चुकत असतील, असं ती स्वतःला बजावायची.

आता तिने पायावरचे हात काढले आणि तेलाची वाटी जवळ ओढली.

"आई गं," थोरली कळवळली. "जीव घेतेस का? दुखतंय ना."

धाकटीच्या हातातली वाटी खणकन जमिनीवर टेकली. थोरली उताणी होती, नजर आढ्याला. पायाकडचं तिला दिसत नव्हतं.

"दुखायलाच पाहिजे," धाकटी मोठ्याने म्हणाली. "दुखल्याशिवाय उठणार कशा?"

"काय म्हणतेय गं ती?" बाहेरून भाऊजींनी विचारलं.

"ऐकू नाही आलं का? शिव्या देतायत."

"आलं, आलं." त्यांच्या आवाजात जीव आला. "मग जातो मी. वापसा उडून जाईल."

बैलांच्या घुंगरांचा आवाज वळणापलीकडे जाईपर्यंत धाकटी पाय चोळत राहिली, इतक्या जोरात की तिचीच बोटं दुखायला लागली.

"गेले का?" थोरलीने विचारलं.

"गेले."

"मग राहू दे पाय. मनगटं भरून आली असतील तुझी."

"माझ्या मनगटांना काय धाड भरलीय?"

"वाटी वाजली गं. मी ओरडले आणि मग वाजली." थोरलीने दाराकडे मान वळवली. "त्यांना सांगू नकोस. पेरणी होऊ दे."

धाकटीने पदर तोंडाशी नेला.

"रडतेस काय? रडक्या चोळणारीकडे कोण येईल उद्या? इकडे ये, उशाशी बस." थोरलीने आपला उजवा हात पुढे केला. विळा धरून धरून तळव्याला घट्टे पडले होते. "याला लाव तेल. इथे कळतं मला."

धाकटीने तो हात मांडीवर घेतला. सवयीने अंगठा तळव्यावर रोवला, दाबायला गेली, आणि तिचा हात हलका पडला.

"हं," थोरली म्हणाली आणि तिने डोळे मिटले.