पहिल्याच पानावर मुडदा

सुमती गुप्ते यांनी वीसेक कादंबऱ्या लिहिल्या आणि जवळजवळ तितक्याच नायिका शेवटच्या प्रकरणात खंगवून मारल्या. एकीला चुकून जगवली, तर वाचकांनी तक्रार केली. पनवेलच्या सर्क्युलेटिंग लायब्ररीत त्यांच्या पुस्तकांची पानं अश्रूंनी फुगतात, असं त्यांचे प्रकाशक अविनाश साने अभिमानानं सांगत. लायब्ररीवाल्याच्या मते तो बायकांच्या हाताच्या खोबरेल तेलाचा परिणाम होता.

ब्याण्णव साली गावातल्या एका वाचनालयानं त्यांना भाषणाला बोलावलं. विषय, 'वाचकांनी काय वाचावे?' सुमतीबाईंनी जाडजूड, गंभीर कादंबऱ्यांची नावं पाठ केली. त्यातल्या निम्म्या वाचताना त्यांना झोप लागली होती, उरलेल्या त्यांनी उघडल्याच नव्हत्या. तरी भाषण झकास चाललं होतं. 'आत्मभान' झालं, 'मूल्यव्यवस्था' झाली. तेवढ्यात बँकेत काम करणारी शोभा नावाची बाई उभी राहिली.

"बाई, हे सगळं ठीक आहे हो. पण तुमच्या स्वतःच्या उशाशी कुठलं पुस्तक असतं?"

पंखा बंद पडला होता, पातळ पाठीला चिकटलं होतं. खोटं बोलायचंसुद्धा त्राण नव्हतं.

"धर्मराज कोळ्यांच्या रहस्यकथा," सुमतीबाई म्हणाल्या. "पहिल्याच पानावर मुडदा पडतो. सूर्यास्ताचं वर्णन नाही की काही नाही. तुम्हीही वाचा. माझं नंतर वाचलंत तरी चालेल."

अध्यक्षांना ठसका लागला. सभागृहानं मात्र टाळ्यांचा कडकडाट केला.

"आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतलात!" रिक्षात अविनाशनी कपाळ बडवलं.

"घेतला खरा," सुमतीबाई म्हणाल्या, "पण हलकं वाटतंय हो."

रविवारी सकाळी दारात एक आडदांड माणूस उभा राहिला. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली पापलेटं.

"मी धर्मराज. न्हावा शेवाला बंदरात कामाला हाय. बाई, आमचं नाव स्टेजवर तुमीच पयल्यांदा घेतलंत. आमची बायको म्हनते, खून करून कवा कोनाचं भलं झालंय?"

चहा झाला. जायची वेळ झाली तरी धर्मराज हलेना.

"एक सांगू? माझ्या गोष्टीत मानूस मरतो, पन कोनाला काय वाटतच नाय. मागच्या खेपेला तर दुसऱ्या पानावर मलाच मेलेल्याचं नाव आठवेना."

सुमतीबाई ठसका लागेपर्यंत हसल्या. मग म्हणाल्या, "आणि मी भाजीला काय करायचं याचा विचार करत करत नायिका मारते. चला, दोघं मिळून लिहू या."

मरायचं कुणी, यावर लगेच एकमत झालं: ट्रकमालक उदयसिंह. मरायचं कधी, यावर मात्र रोज भांडण. सुमतीबाईंनी त्याला आजारी आई दिली, लग्नाआधीचं फसलेलं प्रेम दिलं, गुडघेदुखीसुद्धा दिली. चाळीस पानं झाली तरी तो जिवंतच.

"अवो बाई, खुनी कवाचा सुरी वर धरून उभा हाय! हात भरून आला त्याचा!"

"थांबू दे. आईची औषधं आणायला चाललाय तो."

शेवटी सुमतीबाई चहा टाकायला आत गेल्या, तेवढ्यात धर्मराजनं उदयसिंहाला चार ओळींत उरकला. बाहेर येऊन त्यांनी ते वाचलं. कप ठेवायला जागा शोधत त्या तशाच उभ्या राहिल्या. इतकी माणसं मारली, पण डोळ्यात पाणी आज आलं.

"खोडू का?" धर्मराज घाबरून म्हणाला.

"खबरदार," त्या म्हणाल्या. "हात लावू नका त्याला."

पुस्तक निघालं. एका मासिकानं अभिरुचीचा ऱ्हास झाल्याचं जाहीर केलं. वाचनालयानं सुमतीबाईंना पुन्हा बोलावलं नाही. शोभा मात्र रस्त्यात अडवून म्हणाली, "रडलेही आणि घाबरलेही. नवऱ्याला भात गिच्च खावा लागला."

दुसरी आवृत्ती छापताना अविनाश ही कल्पना मुळात आपलीच असल्याचं सगळीकडे सांगू लागले. सुमतीबाईंनी ते मनावर घेतलं नाही. त्यांना सवड नव्हती. पुढच्या पुस्तकात विधवा मरावी की तिचा दीर, यावरून त्यांचं आणि धर्मराजचं दोन दिवस बोलणं बंद होतं.