छातीतल्या पडद्याची धास्ती

मी एक जुना पडदा आहे, मित्रांनो. खिडकीचा नव्हे, एका म्हाताऱ्या माणसाच्या छातीतला. फुप्फुस आणि बरगड्या यांच्यामध्ये माझे दोन पातळ पदर आहेत आणि त्या पदरांमध्ये जरासे पाणी. मालकांनी श्वास घेतला की हे पदर एकमेकांवरून इतके अलगद सरकतात, की कित्येक वर्षे मालकांना माझा पत्ताच नव्हता. माझे कौतुक कोणी केले नाही, पण त्याचे मला वाईटही वाटले नाही. पडद्याची आठवण येऊ लागली की समजावे, काहीतरी बिनसले आहे.

मालक तरुणपणी कारखान्यात लेपवाले होते. उष्णता वाया जाऊ नये म्हणून तापणाऱ्या नळांवर ते ॲस्बेस्टॉसचा लेप चढवत. पोते फोडायचे, भुकटी पिंपात ओतायची आणि हातांनी कालवायची. जेवणाच्या सुट्टीत हे बाप्ये भुकटीचे गोळे करून एकमेकांना मारत आणि मग रिकाम्या पोत्यांवर ताणून देत. कोळशावाले काळेकुट्ट होऊन घरी जात, आमचे मालक पांढरेशुभ्र. आपले काम स्वच्छ, अशी त्यांची ठाम समजूत होती आणि तिथेच घोडे पेंड खात होते.

त्या भुकटीत डोळ्यांना न दिसणाऱ्या सुया होत्या. श्वासाबरोबर त्या आत शिरल्या आणि काही थेट माझ्यापर्यंत पोचल्या. शरीराचे शिपाई त्यांना गिळायला धावून आले, पण सुया त्यांच्याहूनही लांबलचक निघाल्या. शिपाई मरत, नवे येत आणि माझ्या अंगाची आग आग होई. जखम भरली की तिथे कडक वण राही, अन् शेजारी पुन्हा तोच उद्योग सुरू. दर वेळी मला नव्या पेशी घडवाव्या लागत. मित्रांनो, तीच वस्तू घाईघाईने पुन्हा पुन्हा घडवताना हात चुकतो. अशी चुकलेली एखादी पेशी कोणाचेच न ऐकता वाढत सुटली, तर त्याला कर्करोग म्हणतात. प्रत्येक वणापाशी तसे होत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी माझा जीव टांगणीला लागला तो लागलाच. मालकांनी ते काम सोडले, फाटकावर रखवालदारी केली, निवृत्तही झाले. मी आपला आत धुमसतच होतो.

आता माझ्या पदरांमध्ये पाणी साचले आहे. जिना चढताना मालकांना धाप लागते, म्हणून मालकीणबाईंनी त्यांना डॉक्टरीणबाईंकडे नेले. मालकीणबाई स्वतःही हल्ली खोकतात, पण दोष पंख्याला देतात.

डॉक्टरीणबाईंनी विडी-सिगारेटचे विचारले. आयुष्यात शिवलो नाही, असे मालक ताठ बसून म्हणाले. कामाचे विचारले, तर फाटकावर बसायचो म्हणाले. मी आत नुसता तळमळत होतो. त्याआधीचे सांगा की हो! पण पडद्याला कुठले आले तोंड?

“अहो, आणि आधी पांढरे होऊन यायचात ते?” मालकीणबाई म्हणाल्या.

“अगं, ते नळांचं काम. किती जुनं झालं. त्याचं काय आता?”

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवले आणि सगळे खोदून खोदून विचारले. पाणी काढावे लागेल, पडद्याचा तुकडाही तपासावा लागेल, असे त्यांनी समजावले. मग त्यांनी विचारले, “ते कपडे कोण धुवायचं?”

“मीच की. आधी दारात चांगले झटकायचे. नाहीतर मोरी तुंबायची.” एवढे बोलून मालकीणबाईंना खोकला आला.

मालकांनी श्वास रोखला. मला लगेच कळले, कारण मी सरकायचा थांबलो.

“माझं राहू द्या,” ते म्हणाले. “आधी हिला बघा.”

आता दोघांचीही तपासणी व्हायची आहे. मित्रांनो, तुमच्या घरी कोणी असे भुकटीने माखून येत असेल, तर ते कपडे घरात आणू देऊ नका, झटकू तर मुळीच नका. डॉक्टरांनी कामाचे विचारले, तर वडीलधाऱ्यांना अगदी पहिल्या नोकरीपासून सांगायला लावा.

माझ्यासारखाच एक पडदा मालकीणबाईंच्या छातीतही आहे. त्याने कारखाना पाहिला नाही की भुकटीचे गोळे पाहिले नाहीत. माझे जे व्हायचे ते होवो. त्याच्यावर वण नसावा, एवढेच मी मागतो.