अर्धीच शिकवण

शाळेच्या तिसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या तोंडाशी, पूर्वी जुने नकाशे आणि मोडकी बाकं ठेवायची एक खोली होती. बाकं भंगारात गेली, नकाशे कुठे गेले ते कुणालाच ठाऊक नाही, आणि दारावर 'शांत खोली' अशी पाटी लागली. पाटी लावणारे बिचारे भाबडे असावेत, कारण अख्ख्या शाळेत सगळ्यात मोठा आरडाओरडा त्याच खोलीतून ऐकू यायचा.

तिथे ताई बसायच्या. त्यांचं नेमकं काम काय, हे शिक्षकांच्या खोलीत कुणालाही धड सांगता आलं नसतं. शिपाई मात्र नवीन माणसाला सरळ सांगायचा, "बिथरलेली पोरं निवळायला ठेवतात त्यांच्याकडे." इतकी नेमकी व्याख्या ताईंना पदवीच्या जाडजूड पुस्तकातही सापडली नव्हती.

ताईंचे चार-दोन नियम होते. मूल बिथरलेलं असताना त्याला 'शांत हो' म्हणायचं नाही. असं सांगितल्याने जगात आजवर कुणी शांत झालेलं नाही, हवं तर आपापल्या घरी प्रयोग करून बघावा. उभं राहून बोलायचं नाही, सरळ फरशीवर फतकल मारून बसायचं. 'का केलंस?' असं विचारायचं नाही, कारण ते त्या मुलालाही माहीत नसतं. आणि खोटं बोलायचं नाही. ही मुलं घरीदारी इतक्या थापा ऐकून आलेली असतात की मोठ्या माणसाने तोंड उघडायच्या आधीच त्यांना खोट्याचा वास येतो.

या खोलीत चौथीतली एक मुलगी यायची. खेळाच्या सरांनी तिचं नाव ठिणगी ठेवलं होतं आणि ते सगळ्या शाळेने उचललं. नऊ वर्षांची, हाताच्या काड्या, पण तिने चौथीच्या वर्गबाईंच्या नाकी नऊ आणले होते. शाई सांडणं, बाक उलटं करणं हे रोजचंच. एकदा तर गणिताच्या सरांच्या मनगटाला ती अशी कडकडून चावली की सर आठवडाभर डाव्या हाताने फळ्यावर लिहीत होते. कारण सगळ्यांना माहीत होतं. तिची आई दीड वर्षापासून आजारी होती, आणि ते दुखणं बरं व्हायचं नव्हतं.

दिवाळीची सुट्टी संपल्यावर ती आई एकदा ताईंना भेटायला आली होती. डोक्याला रुमाल बांधलेला, अंगावरचे कपडे दुसऱ्या कुणाचे वाटावेत इतके ढगळ. तीन जिने चढायला तिला पाऊण तास लागला. ताई खाली यायला निघाल्या होत्या, तर तिने हातानेच थांबवलं. खुर्चीत बसल्यावर तिने बराच वेळ दम घेतला आणि मग हसली.

"ती माझ्यावर गेलीये," ती म्हणाली. "मीसुद्धा अशीच डोक्यात राख घालून घ्यायचे. पण मला पोटाशी धरायला माझी आई होती. हिच्याबाबत लोक दोनदा सांभाळून घेतील, तीनदा घेतील. मग कंटाळतील. तिचे बाबा चांगले आहेत हो, पण रंगारी माणूस, सकाळी जातो तो दिवेलागणीला येतो. माझ्यानंतर ती कुणाला नकोशी होऊ नये. एवढं बघाल?"

ताईंनी 'बघेन' म्हटलं. असा शब्द देऊ नये हे त्यांना कळत होतं, पण समोर बसलेल्या त्या बाईला 'प्रयत्न करेन' असं मोघम उत्तर द्यायला त्यांची जीभ रेटली नाही.

मग त्या कंबर कसून कामाला लागल्या. त्यांनी ठिणगीला एक निळं कार्ड दिलं. पोटात काहीतरी वर चढायला लागलं की ते कार्ड बाईंच्या टेबलावर ठेवायचं, कुणाला काही विचारायचं नाही, सरळ वर्गाबाहेर पडायचं. बाहेर भिंतीला तळवा टेकवून उभं राहायचं आणि सावकाश साठपर्यंत मोजायचं. एका आकड्याला एक श्वास. शांत वाटलं की आत, नाही तर परत एकपासून. कुणी रागवायचं नाही, कुणी विचारायचं नाही. तसं ताईंनी सगळ्या शिक्षकांना बजावून ठेवलं होतं. पहिल्या आठवड्यात कार्ड फाटलं, दुसऱ्या आठवड्यात नवं दिलेलं खिडकीबाहेर गेलं. तिसऱ्या आठवड्यात एकदा ते टेबलावर आलं. पोरगी आठ मिनिटं भिंतीशी उभी राहिली आणि मुकाट्याने आत येऊन भागाकार करायला बसली. त्या दिवशी ताईंनी घरी गेल्यावर स्वतःसाठी दोनदा चहा केला, इतक्या त्या खुशीत होत्या.

पण ही शिकवण अर्धीच होती. ताईंच्या कामातल्या कुणालाही विचारा, तो सांगेल की बाहेर पडणं हा सोपा भाग. दुसरा भाग म्हणजे बाहेर न पडणं. कुणाचा तरी हात धरून, रडत, ओरडत, थरथरत का होईना, त्याच जागी टिकून राहणं. आणि कधी बाहेर पडायचं, कधी नाही, हे ओळखणं. तो भाग शिकायला महिने लागतात, आणि शिकताना मूल पुन्हा आधीसारखं बिथरतं, पुन्हा वर्ग डोक्यावर घेतं.

तेच ताईंना नको झालं होतं. आता कुठे वर्गबाईंच्या चेहऱ्यावर रंग आला होता. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, भर सभेत ताईंची पाठ थोपटली होती. सलग सात आठवडे ठिणगीच्या नावावर एकही तक्रार नव्हती. परीक्षा होऊ दे, मग बघू, असं ताई आधी म्हणाल्या. मग स्नेहसंमेलन आलं. मग म्हणाल्या, उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर. चांगलं चाललेलं कुणाला मोडवतं? त्यांनाही मोडवलं नाही, आणि थोडं कौतुकही गोड लागलं होतं, हे त्यांनी पुढे स्वतःशी कबूल केलं.

सुट्टी लागायला महिना असताना ठिणगीची आई गेली.

बारा दिवस पोरगी शाळेत आली नाही. तेराव्या दिवशी बाबा तिला घेऊन आले. तिला वर्गात पोचवून ते तीन जिने चढून ताईंच्या दाराशी उभे राहिले. नखांत पांढरा रंग वाळलेला, दाढी वाढलेली. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"ताई, तुमचे आभार मानायला आलो. तुमच्यामुळे पोरीने शेवटी काहीही गोंधळ घातला नाही."

"शेवटी म्हणजे?"

"हॉस्पिटलात. सकाळचे अकरा वाजले असतील. हिच्या आईला एकदम धाप लागली. नळ्या ओढायला लागली, डोळे फिरवले. मला धस्स झालं. म्हटलं, आता ही पोर आख्खं हॉस्पिटल डोक्यावर घेणार. आणि हिने काय करावं? खिशातून ते निळं कार्ड काढलं, आईच्या उशाशी ठेवलं आणि गुपचूप बाहेर गेली. बाहेर भिंतीला हात लावून उभी. नर्ससुद्धा म्हणाली, काय समजूतदार मुलगी आहे."

ताईंनी दाराची चौकट धरली.

"मग हिची आई जरा निवळली," ते म्हणाले. "मला म्हणाली, 'कुठे गेली ती?' मी म्हटलं, येतेय, बाहेरच आहे. 'बरं' म्हणाली. आणि दाराकडे बघत राहिली. मग काही फार वेळ नाही लागला." त्यांनी बाहीने नाक पुसलं. "ही आत आली तेव्हा सगळं आटोपलं होतं. तरी रडली नाही हो. अजून नाही रडली. घरी येणारा प्रत्येक जण म्हणतो, किती धीराची पोर. हिच्या आईला हेच हवं होतं ना? तुम्ही तिचा शब्द राखलात."

ते हात जोडून निघून गेले. ताई तशाच उभ्या राहिल्या. त्या बाईला आपण शब्द दिला होता, आणि तो पाळताना तिचीच पोर तिच्या शेवटच्या घटकेला खोलीबाहेर काढली, एवढं एकच त्यांना दिसत होतं. त्यांना स्वतःची किळस आली.

मधल्या सुट्टीनंतर ठिणगी वर आली. वेणी वाकडी होती, बाबांनी घातलेली असावी. ती ताईंच्या समोर फरशीवर बसली आणि मांडीवरचा झगा तळहाताने सपाट करत राहिली.

"ताई, मी बरोबर केलं ना?"

'हो' म्हणणं किती सोपं होतं. बाप खूश होता, शाळा खूश होती, पोरही एका शब्दात सुटली असती. पण मग ती जन्मभर हेच करणार होती. कुणी आपलं माणूस तडफडायला लागलं की उशाशी काहीतरी ठेवून ती बाहेर निघून जाणार, आणि लोक तिला समजूतदार म्हणणार. तिला आता अडवलं नाही तर पुढे कुणालाच अडवता येणार नव्हतं.

"मी शिकवलं तसंच केलंस तू," ताई म्हणाल्या. "अगदी तसंच. पण मी तुला अर्धंच शिकवलं होतं."

"म्हणजे?"

"वर्गात चिडलीस तर बाहेर जायचं, ते ठीक आहे. पण आपलं माणूस जायला निघालेलं असतं तेव्हा बाहेर नाही गेलं तरी चालतं. तिथेच रडलं तरी चालतं. ओरडलं तरी चालतं. हे मी तुला सांगायला हवं होतं आणि मी नाही सांगितलं. चूक माझी आहे, बाळा. तुझी नाही."

खाली मैदानात कुणीतरी शिट्टी फुंकत होतं.

"आईने मला विचारलं होतं?"

ताईंनी तिच्याकडे बघितलं आणि सांगितलं, "हो. 'कुठे गेली ती?' म्हणाली. बाबांनी सांगितलं, येतेय."

"मग?"

"'बरं' म्हणाली."

"बरं म्हणाली?"

"हो."

ठिणगीची हनुवटी हलायला लागली. ती झटकन उठली. "मी बाहेर जाऊन येते," असं म्हणत ती दाराकडे वळली, आणि इतक्या वर्षांत कधी कुठल्या मुलाची वाट न अडवलेल्या ताई सरकत जाऊन दाराला पाठ लावून बसल्या.

"नको जाऊस. इथेच थांब माझ्यापाशी."

"सोडा मला!"

"नाही सोडत."

तिने ताईंच्या खांद्यावर मुठी मारल्या, केस ओढले, लाथ झाडली. ताईंनी फक्त तिची कोपरं सैलशी धरून ठेवली. आणि मग तिच्या तोंडातून जो आवाज निघाला तो ऐकून खालच्या मजल्यावरचे वर्ग गप्प झाले. बारा दिवसांचं सगळं एकदमच बाहेर आलं.

जिन्यावर पावलं वाजली. दारावर थाप पडली. "ताई? पुन्हा सुरू झालं का हिचं?" मोठ्या बाईंचा आवाज होता. "किती छान सावरली होती हो! खाली तोंडी परीक्षा चाललीये."

"सुरू झालंय, बाई," ताई आतूनच म्हणाल्या. "आता ते थांबवायचं नाही."

बाई जिना उतरून गेल्या. ठिणगी आता ताईंच्या मांडीत कोसळली होती. हुंदक्यांत तिचे शब्द तुटत होते, म्हणून ताईंना कान तिच्या तोंडाशी न्यावा लागला.

"माझे साठ झाले होते, ताई. सगळे झाले होते. पण पोटातलं जात नव्हतं. म्हणून मी आत नाही गेले." तिने हाताच्या पाठीने डोळे पुसले, ते लगेच पुन्हा भरले. "नाही गेलं तर परत एकपासून मोजायचं, असं तुम्हीच सांगितलं होतं."

"हो," ताई म्हणाल्या. "मीच सांगितलं होतं."